दोन जिन्यांत धाप लागते: आधी सिगारेट सोडावी की आधी वजन उतरवावे?

पाळीवाला

नमस्कार. माझे वय ४७ वर्षे, उंची १७० सेंटिमीटर, वजन १०४ किलो आणि पोटाचा घेर ११६ सेंटिमीटर आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात सुपरवायझर आहे आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून, सोबतच्या फिटरने दिलेली पहिली सिगारेट मी ओढली. आज दिवसाला पंधरा होतात आणि रात्रपाळी असेल तर एखाद-दुसरी जास्तच होते. सकाळी डोळा उघडल्यावर पहिली सिगारेट पेटवायला मला दहा मिनिटेही लागत नाहीत. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात कारखान्यातील वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आले आणि तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, असे सांगण्यात आले.

हे सारे मला आधीही थोडेफार ठाऊक होते. लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. मुलीच्या प्रवेशाच्या कामासाठी तिच्या महाविद्यालयात गेलो होतो, कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला थांबावे लागले. धाप लपवण्यासाठी बुटाची नाडी बांधायला वाकावे असे मनात आले, परंतु पायात सँडल होत्या, म्हणून मोबाइल काढून उगाच त्याच्याकडे पाहत राहिलो. मुलगी चार पायऱ्या वर थांबली होती. ती काहीही बोलली नाही. बोलली असती तर मला बरे वाटले असते.

याआधी मी दोन वेळा सिगारेट सोडली आहे. एकदा नऊ दिवस आणि एकदा सात आठवडे. दुसऱ्या वेळी सहा किलो वजन वाढले, तेव्हा एका मित्राने सांगितले की सिगारेट सोडल्याने माणूस फुगतो, त्यामुळे आधी वजन उतरव आणि मग सिगारेटीचे बघ. तो सल्ला ऐकून मी जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले, पहिल्याच दिवशी यंत्रावर धावलो, आणि अकराव्या दिवशी गुडघा सुजल्यामुळे जे घरी बसलो तो परत गेलोच नाही. सिगारेट मात्र पूर्ववत सुरू झाली होती.

माझे प्रश्न असे आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात की एकामागून एक, आणि एकामागून एक असतील तर आधी कोणती? दोन जिन्यांत दम लागणाऱ्या माणसाने व्यायामाची सुरुवात नेमकी किती आणि कशी करावी? आणि कारखान्याच्या फाटकाबाहेरील टपरीवर अकरा वाजता जमणाऱ्या मंडळींचे काय करावे, कारण वीस वर्षांची मैत्री तिथेच झालेली आहे आणि तिथे चहा व सिगारेट यांत फरक करता येत नाही?

चार भिंती

मी साताऱ्याचा. वय ५८. नऊ वर्षांपूर्वी माझे वजन ९७ किलो होते आणि मी बिडी व सिगारेट दोन्ही ओढत असे. खिसा भरलेला असला की सिगारेट आणि महिनाअखेर आली की बिडी. त्यामुळे आपण जिन्याचा प्रसंग लिहिला आहे तो मला वेगळा समजावून घ्यावा लागला नाही. माझ्या बाबतीत जिन्याऐवजी अजिंक्यताऱ्याचा रस्ता होता. लहानपणी ज्या डोंगरावर आम्ही पतंगाच्या मागे पळत जात होतो, त्याच्या वाटेवरील ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंतही मला जाता येईना.

सुरुवात किती करावी, याचे उत्तर मी विजेच्या खांबांत देतो. पहिल्या दिवशी मी घरापासून सहा खांब चाललो आणि सहा खांब परत आलो. आठ-दहा मिनिटे लागली असतील. शेजारी हसले की नाही ते मी पाहिले नाही, पण मला स्वतःलाच हसू आले, कारण पायताण घालायला लागलेला वेळ आणि चालण्याचा वेळ यांत फारसे अंतर नव्हते. दर आठवड्याला दोन खांब वाढवायचे एवढाच नियम ठेवला. ज्या दिवशी दम जास्त लागेल त्या दिवशी खांब वाढवायचे नाहीत, पण घरीही बसायचे नाही. चार महिन्यांनी खांब मोजणे अवघड झाले म्हणून घड्याळ लावून चालू लागलो आणि चौदाव्या महिन्यात गडाच्या दरवाजात पोहोचलो. वाटेत तीनदा बसलो होतो, हेही सांगितले पाहिजे.

सिगारेट मी चालणे सुरू केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सोडली, आणि ती आधी ठरवलेल्या तारखेला सोडली. दोन्ही एकाच सकाळी सुरू करणे मला जमले नसते, परंतु ‘आधी वीस किलो उतरू देत’ असे म्हणत बसलो असतो तर आजही ओढत असतो, याबद्दल मला शंका नाही. तलफ आली की मी उठून चालू लागत असे. तलफ फार तर पाच-सात मिनिटे छळते आणि तेवढ्या वेळात चार खांब होतात. पुढे पुढे मला गंमत वाटू लागली की ज्या चालण्यासाठी मी सिगारेट सोडत होतो, तेच चालणे सिगारेट सोडवत होते.

टपरीविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. पहिला दीड महिना तिथे जाऊ नका. मित्रांना स्पष्ट सांगा की राग नाही, पण सध्या येणार नाही. माझ्या टोळक्यातील एकाने मला ‘साधुबाबा’ म्हणायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी तोच माझ्याकडे विचारायला आला.

श्वासनलिका

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. इथे लिहितो ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे आणि आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ते घेऊ शकत नाही, हे आरंभीच सांगतो.

आपण दिलेल्या आकड्यांवरून आपला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३६ येतो. भारतीयांसाठी २५ आणि त्यापुढे स्थूलता मानली जाते, आणि पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. धूम्रपानाचा हिशेब आम्ही वीस सिगारेटींच्या पाकिटावर करतो, जरी आपल्याकडे दहाचे पाकीट सर्रास विकले जाते. दिवसाला पंधरा म्हणजे पाऊण पाकीट, आणि ते सव्वीस वर्षे, म्हणजे साडेएकोणीस ‘पॅक-इयर’ झाले. एवढ्या धुरानंतर, रक्तदाब आणि वाढलेली साखर सोबत असताना, पळण्याचा किंवा जड व्यायाम सुरू करण्यापूर्वी ईसीजी, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) वा स्ट्रेस टेस्ट (श्रम करताना हृदयाची तपासणी) करून घ्यावी. जिमच्या पहिल्याच दिवशी आपण यंत्रावर धावलात, तेव्हा केवळ गुडघ्यावर निभावले असे समजा. सपाट जमिनीवर सावकाश चालायला मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याची गरज बहुतेकांना नसते. चालताना छातीवर दाब जाणवला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, चक्कर आली, किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर तिथेच थांबून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सोबत स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची साधी तपासणी, जरूर करून घ्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून फुप्फुसे ठीक आहेत असे मानणारे पुष्कळ रुग्ण माझ्याकडे येतात. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर ते एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, फुंकण्याच्या तपासणीत दिसते. धुराने कायमची गमावलेली फुप्फुसांची क्षमता परत मिळत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. परंतु वय वाढेल तशी सर्वांचीच क्षमता थोडी थोडी घटत असते, धूम्रपान करणाऱ्यांत ती वेगाने घटते, आणि सिगारेट सोडल्यावर घटीचा वेग पुन्हा जवळपास इतरांसारखा होतो. शिवाय आपल्याला जिन्यात जो दम लागला, त्यातील सारा दोष फुप्फुसांचा असेल असे नाही. पोटाची चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधील श्वासाच्या स्नायूला, नीट खाली सरकू देत नाही आणि न वापरलेले पायांचे स्नायू थोड्याशा कामानेही लवकर थकतात व दम लावतात. हा भाग परत मिळवता येतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. आधी सिगारेट. कारण साधे आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे आपण चालायला निघता तेव्हा रक्तातील काही गाड्या आधीच भरलेल्या असतात. सोडल्यानंतर एक-दोन दिवसांत हा वायू शरीरातून निघून जातो, आणि त्यामुळे वजन एक ग्रॅमही कमी न होता चालणे थोडे सोपे होते. सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. वजन उतरवून एवढा फायदा एवढ्या लवकर मिळत नाही.

वजन वाढण्याची भीती खोटी नाही. निकोटिन भूक मारते आणि शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवते, त्यामुळे सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. काहींचे अजिबात वाढत नाही आणि काहींचे दहा किलोही वाढते. मात्र हे वजन वाढूनही सिगारेट सोडल्याचा हृदयाला होणारा फायदा टिकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत वजन आहे तिथे राखणे हेच यश समजावे. उपाशी राहून आहार तोडू नये, कारण भूक आणि तलफ यांतला फरक त्या दिवसांत मेंदूला नीट कळत नाही आणि मग हात पाकिटाकडे जातो.

आपण उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढता, याचा अर्थ शरीराचे निकोटिनवरील अवलंबन तीव्र आहे आणि केवळ निर्धारावर विसंबणे योग्य नाही. निकोटिनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. दोन मिलिग्रॅमचे पुरेल की चार मिलिग्रॅमचे लागेल हे डॉक्टरांना विचारावे. उठल्याबरोबर ओढणाऱ्यांना बहुधा चारचे लागते. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चावायचे नसते आणि इथेच बहुतेकांची चूक होते. सावकाश चावावे, तोंडात झिणझिणल्यासारखे वाटले की गालाच्या आत दाबून ठेवावे, ती जाणीव गेली की पुन्हा चावावे, असे अर्धा तास करावे. त्याआधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यांच्या आम्लतेमुळे निकोटिन तोंडात शोषले जात नाही. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधेही आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो आणि वर्षानुवर्षे पाकीट हाताळणाऱ्यालाही तो कधी दिसत नाही.

चहाचे एक सांगायचे राहिले. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर संपवते. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाने रक्तात कॅफिन जास्त राहते, छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते, आणि माणूस समजतो की हा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे. म्हणून सोडण्याच्या दिवसापासून चहा निम्मा करावा. दम्यासाठी डेरीफायलिनसारखी थिओफायलिनची गोळी चालू असणाऱ्या वाचकांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना आवर्जून कळवावे, कारण त्याच कारणाने त्या औषधाची मात्राही कमी करावी लागू शकते.

वजनकाटा

डॉक्टरांचा आदर राखून मी थोडा वेगळा अनुभव मांडतो. मी आधी वजन उतरवले. आठ महिन्यांत ९९ वरून ८८ किलोवर आलो आणि त्या काळात सिगारेट चालूच होती. ज्या माणसाला आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटत असते, त्याला पट्ट्याचे एक भोक आत सरकलेले दिसणे ही मोठी गोष्ट असते, आणि ती मला सिगारेट सोडून मिळाली नसती. त्यामुळे ‘आधी सिगारेट’ हा नियम सर्वांना लागू करू नये, असे मला वाटते.

मात्र माझ्या मार्गात एक फसगत होती, ती लपवणे बरोबर नाही. सिगारेट मी ‘कमी’ करत होतो. अठरावरून सहावर आलो आणि मग दोन वर्षे त्या सहाच्या खाली उतरलो नाही. त्या सहा सिगारेटी मी अगदी फिल्टरपर्यंत, खोल झुरके घेऊन ओढत होतो आणि पुढची केव्हा याचा हिशेब दिवसभर डोक्यात चालू असे. वजन उतरल्यामुळे आपण आता तंदुरुस्त आहोत अशी समजूतही झाली आणि सोडण्याची निकड संपली. शेवटी जेव्हा सोडली तेव्हा एका सोमवारी पूर्णपणे सोडली. आपण वजनापासून सुरुवात केलीत तरी सिगारेटीची तारीख आजच कागदावर लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

श्वासनलिका

वजनकाटा यांचा मुद्दा मला मान्य आहे. क्रमापेक्षा तारीख महत्त्वाची. त्यांनी खोल झुरक्यांविषयी जे लिहिले आहे ते अगदी नेहमी घडते: शरीराला हवे तेवढे निकोटिन ते कमी सिगारेटींतूनही ओढून घेते, आणि म्हणून संख्या निम्मी झाली तरी हानी निम्मी होत नाही.

सांधेवाडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाळीवाले दादांच्या गुडघ्याविषयी कोणी फार लिहिले नाही म्हणून लिहिते. वजन एक किलोने कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो, असे गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात आढळले आहे. याची उलट बाजू अशी की १०४ किलो वजनाने यंत्रावर धावणे म्हणजे न तापवलेल्या इंजिनावर घाट चढवणे. धावणे पुढील सहा महिने मनातून काढून टाका.

गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू, आणि त्यांच्यासाठी जिमची गरज नाही. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, आणि टेकू न घेता उठा व सावकाश बसा. पहिल्या दिवशी पाच वेळा जमले तरी पुरे. बसताना धपकन बसू नका. खाली जाताना चार आकडे मोजा, कारण स्नायूला खरे काम तिथे पडते. दुसरा व्यायाम भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दंड काढण्याचा. हे दोन व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा आणि श्वास रोखून धरू नका, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. त्याच कारणाने, रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत जोरजोरात केली जाणारी कपालभाती टाळावी. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण सध्याच्या पोटाने आणि गुडघ्याने ते केले तर कमरेतून दुखणे सुरू होईल. ते दहा किलो उतरल्यावर.

चालण्याचा वेग कसा ओळखावा? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त आहे. आठवड्याला १५० मिनिटे हे ध्येय जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले आहे, परंतु ते पहिल्या आठवड्याचे नसून चौथ्या-पाचव्या महिन्याचे समजा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी ते धरले जातात. आपण भोसरीत आहात, तर निगडीची दुर्गादेवी टेकडी काही लांब नाही, पण आधी दोन महिने सपाटीवर चाला. टेकडी उतरताना गुडघ्याला चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो, हे चढताना कोणाच्या लक्षात येत नाही.

माजघर

मी डॉक्टर नाही. माझ्या यजमानांनी चार वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूचे मला सांगता येईल.

आमच्याकडे सर्वांत मोठा शोध लागला तो चहाचा. हे दिवसाला सहा चहा घेत आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम धरले तर ती रोजची साठ ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी झाल्या, आणि पोटात काही गेले असे कोणी म्हणणार नाही. एकदम बिनसाखरेचा चहा दिला असता तर कप भिंतीवर बसला असता, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेले. तेलाचेही तसेच. फोडणी अंदाजाने घालण्याची सवय मोडून मी महिन्याचे तेल एका वेगळ्या डब्यात मोजून ठेवू लागले. भाजी, भाकरी, आमटी, भात हे सारे तेच राहिले, फक्त ताटातला क्रम बदलला: आधी कोशिंबीर आणि मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, मग भाकरी, आणि भात शेवटी मूठभर. सकाळच्या पोह्यांत मी मोड आलेले मूग घालते. साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून हलकी समजतात, पण साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तूप एकत्र आले की ती हलकी राहत नाही.

सिगारेट सुटल्यावर तोंडाला काहीतरी लागते. आमच्याकडे बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे आणि काकडीचे काप असत. सुपारी किंवा गुटखा मात्र अजिबात नको. यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी सिगारेट सोडून मावा धरला आणि आज त्यांचे तोंड दोन बोटे उघडत नाही. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते.

एक गोष्ट वहिनींसाठी. मी पहिले दोन महिने हे घरी आले की शर्टाचा वास घेत असे. त्यांना ते कळत होते. एक दिवस ते म्हणाले, “तू वास घेतेस तेव्हा मला ओढावीशी वाटते.” त्या दिवसापासून मी ते बंद केले.

पाळीवाला

सर्वांचे मनापासून आभार. मी वेळ घेऊन सर्व प्रतिसाद वाचले आणि माजघर ताईंचा प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला. ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने चहाची पातेली धाकट्या आकाराची काढली.

मी येत्या २१ तारखेला सिगारेट सोडायचे ठरवले आहे. त्या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे, रात्रपाळी नाही, हे पाहूनच तारीख धरली. तोपर्यंत ईसीजी आणि स्पायरोमेट्री करून घेतो. चालणे कालपासून सुरू केले आहे. आमच्या वसाहतीत खांब फार दूर दूर आहेत, त्यामुळे मी पाच खांब गेलो आणि परत आलो. एक अडचण राहते ती रात्रपाळीची. पहाटे तीन वाजता झोप अनावर होते आणि माझी सिगारेट मुळात त्याच वेळेची आहे.

सांधेवाडी

दादा, तीनच्या सुमारास जागेवरून उठून कारखान्याच्या आतल्या आत सात-आठ मिनिटे भरभर चाला, तोंडावर गार पाणी मारा, आणि शक्य असेल तर उजेडाच्या जागी थांबा. थोडा वेळ भरभर चालल्याने तलफ कमी होते, हे अभ्यासांतही दिसले आहे. रात्रीचे जेवण पाळीला निघण्यापूर्वी घ्या आणि पहाटे कॅन्टीनच्या वड्याऐवजी डब्यातले फुटाणे किंवा एखादे फळ खा. रात्रपाळीच्या आठवड्यात चालणे झोपून उठल्यावर संध्याकाळी ठेवा. पाळी सुटल्यावर थकलेल्या पायांनी चालू नका.

पाळीवाला

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. ईसीजी ठीक आला. स्पायरोमेट्रीत श्वासनलिका थोड्या अरुंद झाल्याचे दिसले आणि डॉक्टरांनी एक इनहेलर सुरू केला. २१ तारखेला सोडली, आज सव्विसावा दिवस. बाराव्या दिवशी एक ओढली. टपरीवर नाही, एका लग्नात. ती ओढल्यावर डोके गरगरले आणि दुसरी मागावीशी वाटली नाही, तरी रात्री झोप लागली नाही. च्युइंगगम चार मिलिग्रॅमचे चालू आहे. चालणे आता सलग बावीस मिनिटे होते आणि खुर्चीवरून दहा वेळा उठतो. वजन सव्वा किलोने वाढले आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून काट्यावर चिडलो नाही.

दोन त्रास आहेत. सोडल्यापासून खोकला कमी होण्याऐवजी वाढला आहे आणि सकाळी कफ पडतो. आणि, लिहायला संकोच वाटतो, पण पोट साफ होत नाही. वीस वर्षे सकाळची पहिली सिगारेट ओढल्याशिवाय मी संडासला गेलेलो नाही.

श्वासनलिका

संकोचाचे काही कारण नाही. हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि विचारत फार थोडे लोक. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवते, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ राहते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी घ्या, मग दहा मिनिटे चाला आणि त्यानंतर बसा. रात्रीच्या जेवणात पालेभाजी व उसळ वाढवा, आणि तरीही आठवडाभरात फरक पडला नाही तर झोपताना इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या. खोकल्याचे कारण असे की श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धुराने निपचित पडलेले असतात, ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. हा खोकला काही आठवडे चालतो. कफ हिरवा-पिवळा झाला, ताप आला, रक्त दिसले किंवा आणखी महिनाभर खोकला तसाच राहिला, तर तपासून घ्या.

लग्नातल्या एका सिगारेटमुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरू नका. वजनाकडे दोन महिन्यांनी वळू. आपले एचबीए१सी ६.१ आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर अमेरिकेत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढे ध्येय ठेवून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. आपल्या बाबतीत सात टक्के म्हणजे सव्वासात किलो. वीस किलोचा आकडा डोक्यातून काढा आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा रक्तदाबाचे आकडे सोबत द्या, कारण वजन उतरू लागले की गोळीची मात्रा आपल्या डॉक्टरांना पुन्हा पाहावी लागेल.

माजघर

इसबगोल ताकात घालून दिले तर ते लगेच घट्ट होते आणि मग पिववत नाही, म्हणून साध्या पाण्यातच आणि ढवळल्या ढवळल्या द्यायला वहिनींना सांगा.